हॉट प्रेसने तंतू-प्रबलित ॲल्युमिनियम बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातुशास्त्राचे विद्यार्थी, संशोधनासाठी प्रेस चालवणारे आणि संमिश्र पदार्थांकडे नव्याने वळलेले इंजिनिअर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मुख्य उदाहरण म्हणून ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूमधले बोरॉन तंतू धरले आहेत, कारण या जोडीवर १९६० आणि ७०च्या दशकांत भरपूर काम झालं आणि तिचे गुणदोष नीट माहीत आहेत. प्रेस, टनेज, भट्टी यांवर सगळे हिरिरीने बोलतात. तंतू आणि धातू जिथे एकमेकांना भिडतात त्या मायक्रॉनपेक्षाही पातळ थराबद्दल मात्र फार कमी जण बोलतात. तुमचा पॅनल टिकणार की नाही, हे तोच थर ठरवतो.

तंतू-प्रबलित ॲल्युमिनियम म्हणजे नेमकं काय?

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत बोरॉन, सिलिकॉन कार्बाइड, कार्बन किंवा ॲल्युमिना यांचे ताठ, मजबूत तंतू ठरावीक दिशेने बसवलेला पदार्थ. तंतू भार पेलतात. धातू त्यांना धरून ठेवतो आणि एका तंतूवरचा भार दुसऱ्याकडे पोचवतो.

आकड्यांत पाहू. ॲल्युमिनियमचं मॉड्युलस (ताठपणाचं माप) सुमारे ६९ गिगापास्कल आणि घनता २.७० ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. बोरॉन तंतूचं मॉड्युलस सुमारे ४०० गिगापास्कल आणि घनता २.५७ च्या आसपास. आकारमानाने ४६ टक्के तंतू घातले तर मिश्रणाच्या साध्या नियमाने तंतूंच्या दिशेतलं मॉड्युलस ०.४६ × ४०० + ०.५४ × ६९, म्हणजे सुमारे २२१ गिगापास्कल येतं. हे पोलादापेक्षा थोडं जास्तच आहे आणि घनता मात्र २.६४, पोलादाच्या एक तृतीयांश. या एका हिशोबासाठी पुढचा सगळा खटाटोप करायचा.

ॲल्युमिनियम वितळवून तंतूंवर ओतलं तर काम सोपं होणार नाही का?

काही तंतूंच्या बाबतीत होतं. ॲल्युमिना तंतूंमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने शिरवण्याची पद्धत उद्योगात रुळलेली आहे. बोरॉन आणि कार्बन यांच्याशी मात्र द्रव ॲल्युमिनियम झपाट्याने अभिक्रिया करतं. बोरॉनच्या पृष्ठभागावर बोराइड तयार होतात आणि तंतूची ताकद ढासळते. कार्बनच्या बाबतीत ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं, शिवाय लेप नसेल तर द्रव धातू कार्बनला नीट भिजवतच नाही.

हॉट प्रेसिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या, म्हणजे फॉइलच्या, मध्ये तंतू मांडून दाबतात आणि धातू घनरूपच राहतो. तापवून त्याला इतकं मऊ करायचं की दाबाखाली तो तंतूंच्या फटींमध्ये सरकेल आणि फॉइलला फॉइल, फॉइलला तंतू असे अणूंच्या विसरणाने जुळतील. तापमान द्रवणांकाच्या खाली असल्यामुळे अभिक्रियेचा वेग आपल्या हातात राहतो.

आमच्या कॉलेजात स्टर कास्टिंगने ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइड बनवतात. तेच ना हे?

नाही. स्टर कास्टिंगमध्ये वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची भुकटी ढवळतात. ते कणांनी प्रबलित झालेलं ॲल्युमिनियम. त्याचे गुण सगळ्या दिशांना साधारण सारखे असतात आणि मॉड्युलसमधली वाढ माफक असते. सलग तंतूंच्या पदार्थात एका दिशेला प्रचंड फायदा मिळतो आणि दुसऱ्या दिशेला जवळपास काहीच नाही. डिझाइनचा विचारच वेगळा करावा लागतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते ती ग्लेअरची. एअरबस ए३८० च्या धडाच्या वरच्या भागात वापरलेलं ग्लेअर म्हणजे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि काचतंतू-इपॉक्सीचे थर यांचा चिकटवलेला सँडविच. तो सुमारे १२० अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवणाऱ्या बंद भट्टीत) शिजतो. त्यात तंतू रेझिनमध्ये असतात, धातूत नसतात.

कोणता तंतू निवडावा?

बोरॉन: टंगस्टनच्या सुमारे १२ मायक्रॉन जाडीच्या तारेवर, बोरॉन ट्रायक्लोराइड आणि हायड्रोजन यांच्या वायूतून बोरॉन जमवून हा तंतू बनतो. तयार व्यास साधारण १०० किंवा १४० मायक्रॉन. जाड असल्यामुळे तो एकेकटा हाताळता येतो, ओळीत मांडता येतो आणि प्रेसखाली धातूला त्याच्याभोवती वाहायला जागा मिळते. ताकद सुमारे ३.६ गिगापास्कल. एकेक तार स्वतंत्रपणे वायूच्या रिॲक्टरमधून ओढावी लागत असल्याने किंमत चढीच राहते, आणि या पदार्थाचा प्रसार तिथेच अडला. बोरॉनवर सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप दिला की तो बोर्सिक नावाने ओळखला जातो. लेपामुळे अभिक्रिया लांबते.

सिलिकॉन कार्बाइड: वायूतूनच, पण कार्बनच्या गाभ्यावर जमवलेला. व्यास सुमारे १४० मायक्रॉन, घनता ३ च्या आसपास, मॉड्युलस बोरॉनइतकंच. बाहेरचा कार्बनयुक्त थर मुद्दाम ठेवलेला असतो. तो आधी झिजतो आणि आतला तंतू वाचतो. यात एससीएस-२ हा प्रकार ॲल्युमिनियमसाठी आणि एससीएस-६ हा टायटॅनियमसाठी विकसित झाला. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने बोरॉनच्या आधी याचा विचार करावा असं माझं मत आहे. तापमानाची चूक हा तंतू जास्त सोसतो.

कार्बन: सर्वांत सहज मिळणारा आणि हॉट प्रेसला सर्वांत त्रासदायक. तंतू ५ ते १० मायक्रॉनचे आणि हजारोंच्या जुडग्यात. घन ॲल्युमिनियम इतक्या बारीक फटींत दाबूनही शिरत नाही. म्हणून आधी जुडग्याला टायटॅनियम-बोरॉनचा लेप देऊन, द्रव ॲल्युमिनियममधून ओढून त्याची तार बनवतात आणि मग त्या तारा फॉइलमध्ये मांडून प्रेस करतात. कार्बनचं कोरडं जुडगं दोन फॉइलमध्ये ठेवून दाबणाऱ्यांच्या हाती शेवटी मधोमध सुटणारा पत्रा येतो.

६०६१ च का? शुद्ध ॲल्युमिनियम चालणार नाही?

चालतं, आणि काही ठिकाणी ते जास्त बरं. ६०६१ मधलं मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थराशी अभिक्रिया करून तो फोडायला मदत करतं, म्हणून फॉइल चांगल्या जुळतात. शिवाय तो उष्णतोपचाराने कडक करता येतो. पण जेट इंजिनच्या पंख्याच्या पात्यांसाठी बोरॉन-ॲल्युमिनियमवर प्रयोग झाले तेव्हा पक्षी किंवा खडे आदळल्यावर पाती टिकत नव्हती. त्यावर नासाच्या संशोधनात ११०० हे मऊ, जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम आणि जास्त जाडीचे तंतू वापरल्यावर आघात सोसण्याची क्षमता ठळकपणे वाढली. मऊ धातू तुटण्याआधी खूप ताणला जातो आणि ऊर्जा गिळतो. जोड जितका पक्का आणि धातू जितका कडक तितका पदार्थ चांगला, हा समज इथे उलटा पडतो.

ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला सहज का चिकटत नाही?

ॲल्युमिनियमवर कायम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. घासून काढला तरी हवेत तो क्षणात परत तयार होतो. बरेच जण धरून चालतात की निर्वात पोकळीत तापवलं की ऑक्साइड निघून जाईल. निघत नाही. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड इतका स्थिर आहे की कुठलाही व्यवहार्य निर्वात पंप त्याला विघटित करू शकत नाही.

मग जोड होतो कसा? विरूपणाने. फॉइल तंतूंच्या मधल्या फटीत सरकते तेव्हा तिचा पृष्ठभाग ताणला जातो. ऑक्साइड ठिसूळ असल्याने ताणला न जाता तुकड्यातुकड्यांत फुटतो. तुकड्यांच्या मधून ताजा, उघडा धातू बाहेर येतो आणि समोरच्या ताज्या धातूला भिडतो. जोड तिथे होतो. म्हणजे फॉइल नुसती दाबली जाणं पुरेसं नाही, ती वाहिली पाहिजे. फॉइल हवी त्यापेक्षा पातळ घेतली किंवा तंतू एकमेकांना टेकवून मांडले तर धातूला वाहायला वावच उरत नाही आणि ऑक्साइड अखंड राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली मग दोन फॉइलमधली रेघ सरळ दिसते. ती रेघ दिसली की सोलण्याच्या चाचणीत पॅनल तिथूनच सुटणार हे नक्की समजा.

म्हणून सफाईला पर्याय नाही. ॲसिटोनने तेल काढा, सौम्य कॉस्टिक सोड्यात थोडा वेळ बुडवा, नायट्रिक ॲसिडने काळपट साका काढा, शुद्ध पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रेसमध्ये घाला. साफ केलेली फॉइल आठवडाभर कपाटात ठेवून वापरण्यापेक्षा परत साफ केलेली बरी. आणि हात लावायचा तो हातमोज्यातच.

फॉइलची जाडी आणि तंतूंमधलं अंतर कसं ठरवायचं?

हिशोब सोपा आहे, तरी तो न करताच कामाला लागणारे बरेच. १४० मायक्रॉनच्या तंतूच्या छेदाचं क्षेत्रफळ ०.०१५४ चौरस मिलिमीटर. दोन तंतूंच्या केंद्रांमधलं अंतर ०.१८ मिलिमीटर ठेवलं आणि प्रत्येक थराला ०.१० मिलिमीटरची एक फॉइल दिली, तर प्रत्येक तंतूच्या वाट्याला ०.१८ × ०.१० = ०.०१८ चौरस मिलिमीटर धातू येतो. तंतूंचं प्रमाण ०.०१५४ भागिले ०.०३३४, म्हणजे ४६ टक्के. दाबून झाल्यावर एका थराची जाडी ०.०३३४ भागिले ०.१८, म्हणजे सुमारे ०.१८६ मिलिमीटर. दहा थरांचा पॅनल १.८६ मिलिमीटर भरेल. सगळ्यात वर किंवा खाली एक जादा फॉइल असते, तिची जाडी वेगळी मिळवा.

हा आकडा आधी काढून ठेवला की प्रेसमधून बाहेर आलेल्या पॅनलची जाडी मोजूनच अर्धं निदान होतं. २.१ मिलिमीटर आली तर आत पोकळ्या आहेत. १.७ आली तर धातू कडेने बाहेर पिळला गेलाय.

तंतूंचं प्रमाण ५० टक्क्यांच्या फार वर नेऊ नका. कागदावर मॉड्युलस वाढतं, पण तंतू एकमेकांना टेकायला लागतात आणि टेकलेल्या दोन तंतूंच्या बेचक्यात धातू पोचत नाही.

प्रेसमध्ये जाईपर्यंत तंतू सरकू नयेत म्हणून काय करतात?

ड्रमवर फॉइल गुंडाळून तिच्यावर ठरलेल्या अंतराने तंतू गुंडाळतात आणि त्यावर ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीनचा पातळ द्राव फवारतात. सुकल्यावर ड्रमवरून कापून काढलं की तंतूंचा एकसारखा पत्रा हातात येतो. दुसरी रीत म्हणजे प्लाझ्मा स्प्रेने ॲल्युमिनियम फवारून तंतू जागीच बसवणं. त्यात बाइंडर (तंतू तात्पुरते धरून ठेवणारा द्राव) लागत नाही, पण फवाऱ्यातलं ॲल्युमिनियम सच्छिद्र असतं आणि सोबत ऑक्साइड घेऊन येतं.

बाइंडर निवडताना तो जळून नव्हे तर वाफ होऊन जाणारा हवा. ॲक्रिलिक चांगलं, कारण तापल्यावर त्याची साखळी सुटून पुन्हा मोनोमर होतो आणि निर्वात पंप तो ओढून घेतो. इपॉक्सी किंवा फेव्हिकॉलसारखा गोंद वापरला तर कोळशाचा थर मागे उरतो, आणि तो थर नेमका जोडाच्या जागी असतो.

प्रत्यक्ष चक्र कसं चालवायचं?

इथे सविस्तर सांगतो. आकडे बोरॉन-६०६१ साठी आहेत. दुसऱ्या जोडीला ते तसेच लावू नका.

रचलेले थर डायमध्ये (साच्यात) ठेवा, वर-खाली बोरॉन नायट्राइडचा लेप किंवा ग्राफाइटचा पातळ पत्रा द्या, म्हणजे पॅनल पंचाला (दाबणाऱ्या ठोकळ्याला) चिकटणार नाही. चेंबर बंद करून निर्वात करा. आता फक्त थर जागेवर राहतील इतकाच हलका दाब ठेवून सावकाश, मिनिटाला ५ ते १० अंश अशा गतीने तापवा. ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान थांबा. इथे बाइंडर निघतो आणि निर्वाताच्या गेजवर दाब चढताना दिसतो. तो पुन्हा पूर्वपदावर येईपर्यंत पुढे जायचं नाही. घड्याळ बघून नाही, गेज बघून पुढे जायचं.

मग ५०० ते ५३० अंशांपर्यंत न्या. पॅनलचं तापमान सगळीकडे सारखं झालं की मगच पूर्ण दाब द्या. याचं कारण लक्षात ठेवा: थंड ॲल्युमिनियम कडक असतं, त्याला दाबलं की भार थेट तंतूंवर पडतो आणि ते तडकतात. तापलेलं ॲल्युमिनियम शेवयांभोवतीच्या मऊ कणकेसारखं सरकतं आणि तंतूला चारही बाजूंनी सारखाच दाब बसतो. दाब एका झटक्यात नको, काही मिनिटांत चढवत न्या.

दाब साधारण २० ते ७० मेगापास्कल, वेळ अर्धा ते एक तास. सुरुवातीला ४० मेगापास्कल आणि अर्धा तास हा समंजस मुक्काम आहे.

थंड करताना दाब सोडायची घाई करू नका. निदान ३०० अंशांच्या खाली येईपर्यंत तो कायम ठेवा, नाहीतर आकुंचनाचे ताण नुकत्याच झालेल्या जोडावर येतात.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीजवळ लावून चालणार नाही. डायमध्ये भोक पाडून पॅनलच्या शक्य तितक्या जवळ न्या. जाड डाय आणि भट्टी यांच्यातला फरक पन्नास अंशांचाही असू शकतो आणि या कामात पन्नास अंश म्हणजे यश आणि अपयश यांतलं अंतर आहे.

जोड नीट झाला नाही. तापमान वाढवू का?

शेवटचा उपाय म्हणून. आधी सफाई बघा, मग दाब, मग वेळ, आणि त्यानंतर तापमान.

तापमान वाढलं की जोड होण्याचा वेग आणि तंतू-धातू अभिक्रियेचा वेग दोन्ही घातांकी वाढतात. बोरॉनवर ॲल्युमिनियम डायबोराइडसारख्या संयुगांचा थर जाड होतो, तो ठिसूळ असल्याने थोड्या ताणाला तडकतो आणि प्रत्येक तडा तंतूत शिरणारी खाच ठरतो. ५०० च्या आसपास बोरॉन तासभर बऱ्यापैकी टिकतो. ५५० च्या वर गेल्यावर ताकद झपाट्याने घसरते. दाब वाढवण्यात असा धोका नाही, प्रेसची आणि डायची मर्यादा तेवढी सांभाळायची. म्हणून जिथे जमेल तिथे जास्त दाब आणि कमी तापमान.

६०६१ मध्ये आणखी एक सीमा आहे. हा मिश्रधातू ५८२ अंशांना वितळायला लागतो. त्याच्या वर दाब दिला तर द्रव धातू पंचाच्या फटीतून बाहेर उडू शकतो. हा चेंबरचा आणि माणसांचाही धोका आहे.

किती टनांचा प्रेस लागेल?

क्षेत्रफळ गुणिले दाब. १५० × १०० मिलिमीटरच्या पॅनलला ४० मेगापास्कल द्यायचे तर ६०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६१ टन. ३०० × ३०० मिलिमीटरला ५० मेगापास्कल म्हटलं की आकडा ४६० टनांच्या आसपास जातो. मोठे पॅनल करणं का महाग पडतं ते इथेच कळतं. डायसाठी ५०० अंशांना एच-१३ सारखं हॉट-वर्क टूल स्टील उत्तम. ग्राफाइटचा डाय घडवायला सोपा, पण त्याची दाब सोसण्याची मर्यादा आधी पुरवठादाराकडून नक्की करून घ्या.

निर्वाताऐवजी आरगॉन चालेल का?

ऑक्सिडेशन थांबवायला चालेल, पोकळ्या बंद करायला नाही. दोन फॉइल आणि तंतू यांच्या बेचक्यात आरगॉन अडकला की तो कुठेच जात नाही, कारण ॲल्युमिनियममध्ये तो विरघळत नाही. पोकळी लहान होत जाते, आतला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यावर ती थांबते. पुढे तो पॅनल उष्णतोपचाराला घातला की पृष्ठभागावर फोड येतात. ज्यांच्याकडे निर्वात चेंबर नाही त्यांनी थर स्टेनलेस स्टीलच्या पातळ पाकिटात वेल्ड करून, पाकीट निर्वात करून सीलबंद करावं आणि मग साध्या गरम प्रेसमध्ये दाबावं. ही जुनी आणि भरवशाची युक्ती आहे.

पॅनल प्रेसमधून वाकडाच निघतो. का?

थरांची रचना मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर तो वाकणारच. ॲल्युमिनियम प्रत्येक अंशाला बोरॉनच्या सुमारे तिप्पट आकसतं. ५०० वरून खोलीच्या तापमानाला येताना या दोघांच्या आकुंचनात पाऊण टक्क्याच्या आसपास फरक पडतो. ६०६१ पूर्ण कडक अवस्थेतही सुमारे ०.४ टक्क्यावर कायमचं ताणलं जायला लागतं. म्हणजे नुसतं थंड होतानाच धातू आपली लवचिक मर्यादा ओलांडतो. पॅनल हातात येतो तेव्हाच त्यातला धातू ताणाखाली आणि तंतू दाबाखाली असतात. शून्य आणि नव्वद अंशांचे थर असतील तर शून्य-नव्वद-नव्वद-शून्य अशी सममित रचना ठेवा.

चाचणीत ताकद सूत्रापेक्षा कमी आली. कुठे शोधू?

धातू विरघळवा आणि तंतू बाहेर काढा. बोरॉन-ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकला की ॲल्युमिनियम जातं आणि बोरॉन शाबूत राहतो. त्या तंतूंची एकेकट्याने ताणचाचणी घ्या आणि न वापरलेल्या तंतूंशी ताडून बघा. तंतू कमकुवत झालेले असतील तर तापमान किंवा वेळ जास्त झाली. तंतू तुकड्यांत निघाले तर दाब लवकर दिला गेला. तंतू उत्तम असतील आणि तरी पॅनल कमी भरला तर जोड कच्चा आहे किंवा चाचणीचा नमुना तंतूंच्या दिशेत नीट कापलेला नाही. काही अंशांचा तिरकसपणाही मोठी घट करतो. प्रबंधात दहा पानं आलेख देण्यापेक्षा ही एक चाचणी जास्त सांगून जाते, आणि ती इतकी कमी का केली जाते याचं मला नेहमी वाईट वाटतं.

बाकी तपासण्या ठरलेल्या: आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता, आडव्या छेदाची पॉलिश करून सूक्ष्मदर्शकी पाहणी, अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणं). ताणचाचणीसाठी एएसटीएम डी३५५२ हे मानक आहे. पॉलिश करताना हिऱ्याची पेस्ट वापरा. साध्या पेपरवर मऊ धातू झिजतो, कडक तंतू वर राहतात आणि चित्र फसवं येतं.

आडव्या दिशेची ताकद एवढी कमी कशी?

पदार्थाचा स्वभावच तो. तंतूंच्या दिशेत १,३०० ते १,५०० मेगापास्कल देणारा बोरॉन-ॲल्युमिनियम आडव्या दिशेत १०० ते १४० च्या घरात असतो. त्या दिशेत भार धातूवर आणि जोडावरच येतो. त्यामुळे हा पदार्थ दांडे, नळ्या, स्ट्रट अशा एकाच दिशेत भार घेणाऱ्या भागांत शोभतो. टी-६ या कडक करणाऱ्या उष्णतोपचाराने आडवी आणि कातर ताकद थोडी वाढते. पण ५३० अंशांना पुन्हा तापवणं आलं, पाण्यात बुडवणं आलं, आणि आत अडकलेला वायू असेल तर फोडही आले. बरेचदा प्रेसमधून आला तसाच वापरणं शहाणपणाचं ठरतं.

आखूड तंतू आणि ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून दाबलं तर?

ही वेगळी वाट आहे आणि सोपीही. पण तंतूला आपली पूर्ण ताकद वापरू द्यायची तर त्याची किमान लांबी हवी: ताकद गुणिले व्यास, भागिले जोडाच्या कातर ताकदीची दुप्पट. जोड १०० मेगापास्कल धरला तर १४० मायक्रॉनच्या, ३.५ गिगापास्कल ताकदीच्या तंतूला सुमारे अडीच मिलिमीटर लागतात. ७ मायक्रॉनच्या कार्बनला ०.१२ मिलिमीटर पुरतात. भुकटीबरोबर मिसळताना आणि नंतर एक्स्ट्रूड करताना तंतू तुटतात, तेव्हा शेवटी उरलेली लांबी मोजा, टाकलेली नव्हे. भुकटीच्या कणांवर ओलावा धरलेला ऑक्साइड असतो. ४०० ते ५०० अंशांना निर्वातात तो नीट काढला नाही तर हायड्रोजन आत राहतो.

हा पदार्थ खरोखर कुठे वापरला गेला?

नासाच्या स्पेस शटलच्या मधल्या धडाच्या सांगाड्यात बोरॉन-ॲल्युमिनियमच्या दोनशेहून अधिक नळ्या होत्या. त्यांच्या टोकांच्या टायटॅनियमच्या कॉलरही विसरणानेच जोडलेल्या. साध्या ॲल्युमिनियमच्या आराखड्याच्या तुलनेत सुमारे १४५ किलो वजन वाचलं. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या अँटेनाचा ३.६ मीटरचा दांडा ६०६१ मध्ये पी-१०० हे ग्राफाइट तंतू विसरणाने जोडून बनवला. इथे ताकदीपेक्षा महत्त्वाचं होतं ते ऊन-सावलीत लांबी न बदलणं. ग्राफाइट तंतू तापल्यावर लांबीच्या दिशेत किंचित आकसतात आणि ॲल्युमिनियम प्रसरण पावतं, दोन्ही एकमेकांना सावरतात. शिवाय धातू असल्यामुळे तोच दांडा लहरी वाहून नेणारा वेव्हगाइडही झाला. रेझिनच्या संमिश्राला हे दुसरं काम जमलं नसतं. मला या सगळ्या क्षेत्रातलं हे सर्वांत देखणं डिझाइन वाटतं.

मोटारीत तंतू-प्रबलित ॲल्युमिनियम गेलं ते दुसऱ्या वाटेने. टोयोटाने १९८० च्या दशकात डिझेल पिस्टनमध्ये आखूड सिरॅमिक तंतू घातले, पण स्क्वीझ कास्टिंगने, म्हणजे द्रव धातू दाबाखाली ओतून. जिथे हजारोंनी भाग लागतात तिथे हॉट प्रेस परवडत नाही.

महाराष्ट्रात हा विषय कुठे शिकता येईल?

धातुशास्त्राचे भक्कम विभाग मुंबईच्या आयआयटीत, पुण्याच्या सीओईपीमध्ये आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत आहेत. ॲल्युमिनियमला वाहिलेली जवाहरलाल नेहरू संशोधन संस्था नागपुरातच आहे. प्रवेश किंवा प्रकल्पासाठी विचारताना ‘कंपोझिट’ एवढंच न म्हणता निर्वात हॉट प्रेस आहे का, त्याचं टनेज किती आणि कमाल तापमान किती, हे विचारा.

कापायचं कसं आणि काय जपायचं?

बोरॉन आणि सिलिकॉन कार्बाइड यांच्यापुढे साधं ड्रिल काही सेकंदांत बोथट होतं. हिऱ्याची चकती, भरपूर पाणी आणि कमी गती वापरा. शक्यतो अंतिम आकाराच्या जवळच प्रेस करा, म्हणजे कापणंच कमी.

बोरॉनचे तुकडे कुसळासारखे कातडीत शिरतात आणि आत मोडतात, तेव्हा जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. कार्बनचा भुगा हवेतून उडून विजेच्या पॅनलमध्ये शॉर्ट सर्किट करतो. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळवताना हायड्रोजन निघतो, म्हणून ते काम फ्यूम हूडखाली, थोड्या थोड्या प्रमाणात आणि आसपास ज्योत नसताना करा. कार्बन-ॲल्युमिनियमचे कापलेले नमुने डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. आतलं ॲल्युमिनियम कार्बाइड हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया करून मिथेन सोडतं, आणि उघडी कड पावसाळ्याच्या दमटपणात काही आठवड्यांत खडबडीत होऊन सुटायला लागते. चाचणी महिनाभराने होणार असेल तर कडांना लाखेचा किंवा इपॉक्सीचा हात देऊन ठेवा.